परसातले प्रश्न : हाय खाल्लेली कोंबडी

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही चिपळूण तालुक्यातले. घरी सात गावठी कोंबड्या आहेत. आज संध्याकाळी कोंबड्या खुराड्याकडे वळत असताना आमच्याच टायगरने तांबडीला पाठीवरून धरली आणि दोनदा झटकली. ह्यांनी धावत जाऊन सोडवली. टायगर दोन वर्षं याच कोंबड्यांत वाढला, आजवर कधी अंगावर गेला नव्हता. तांबडीची पाठीवरची पिसं उपटली आहेत, शेपटीच्या वर एक ओरखडा आणि दोन बारीक भोकं दिसतात. रक्त फारसं नाही. सासूबाईंनी हळद आणि खोबरेल लावलं. तेव्हापासून ती डोळे मिटून बसली आहे, मान वर करत नाही. शेजारी म्हणतात, जगायची नाही, कापून मोकळे व्हा. मुलगी ऐकायला तयार नाही. दवाखाना अकरा किलोमीटरवर, आणि उद्या रविवार. काय करू?

उत्तर : ताई, तुमचा निरोप शनिवारी रात्री पावणेनऊला आला. अंक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत कोंबडी थांबत नाही, म्हणून मी लगेच फोन केला. ते बोलणं आणि पुढचे सतरा दिवस तुमच्या परवानगीने इथे लिहितो. पावसाळा आला की असे निरोप मला आठवड्याला एक-दोन तरी येतात, आणि घोळ सगळ्यांचा तोच असतो.

आधी एक सांगतो. मी डॉक्टर नव्हे. श्रेणी दोनच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून एकतीस वर्षं काढली. गुरांच्या कानात बिल्ले मारले, वाडीवाडीत फिरून कोंबड्यांना राणीखेतची लस टोचली. औषधाचा डोस मी सांगणार नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. डॉक्टर भेटेपर्यंत कोंबडी जिवंत कशी ठेवायची, ते मात्र मला ठाऊक आहे.

फोनवर मी पहिलं विचारलं, ते जखमेचं नव्हे. "आत्ता कोंबडी आहे कुठे?" तुम्ही म्हणालात, पडवीत, लेकीच्या मांडीवर. ट्यूबलाइट चालू, भोवती निम्मी वाडी जमलेली आणि दहा हातांवर खांबाला बांधलेला टायगर भुंकतोय.

ताई, कोंबडी ही कुणाच्या तरी तोंडचा घास व्हायलाच जन्माला आलेली. तिला कुत्र्याचा जबडा आणि माणसाची मांडी यातला फरक त्या घटकेला कळत नाही. आपण मायेने पाठीवरून हात फिरवतो, ती समजते अजून सुटका नाही. आपल्याकडे म्हणतात ना, कोंबडीने हाय खाल्ली. ते खोटं नाही. तुरा फिका पडतो, पाय गार पडतात, श्वास भरभर चालतो आणि ती मान टाकते. दाताची जखम अंगठ्याएवढी असूनही पहिल्या दोन-तीन तासांत जातात त्या कोंबड्या यानेच जातात. म्हणून जखम नंतर. आधी खोका, ऊब, अंधार.

तुमच्याकडे मिक्सरचा रिकामा खोका निघाला. त्याला भोकं पाडून तळाला गोणपाट आणि वर जुनी सुती साडी घातलीत. चाळीसचा बल्ब लावा म्हणालो, तर घरात सगळे एलईडी. त्यांचा उजेड पडतो, ऊब लागत नाही. मग पाण्याच्या दोन बाटल्यांत कढत पाणी भरून, त्या पंचात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवल्या. एकाच बाजूला का, तर जास्त झालं की तिला सरकता यावं. कोंबडीचं अंग निरोगी असतानाच 41-42 अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपला चांगला सणसणीत ताप. तेव्हा तिचा पंजा आपल्या मुठीत धरून गार लागला, तर ती खरोखरच गारठली आहे असं समजायचं. खोका माजघरात ठेवून दार लोटून घ्या आणि तासभर कुणीही डोकावू नका, असं सांगितलं. सगळ्यात अवघड हेच असतं. तुमच्या लेकीने तीनदा डोकावलं, हे मला नंतर कळलं.

मधल्या वेळात तुम्ही म्हणालात की, चमच्याने पाणी पाजलं तर तिला ठसका लागला. हे पुन्हा करू नका. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच उघडं असतं. मान टाकलेल्या कोंबडीच्या तोंडात चमचा ओतला की पाणी सरळ फुप्फुसात. शुद्धीवर आली, मान धरायला लागली की चोचीच्या कडेला बोटाने एकेक थेंब लावायचा. ती आपण होऊन चोच चाटते, गिळते. पाण्याऐवजी पहिला दिवसभर साखर-मिठाचं पाणी द्यावं : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लहान मुलाला जुलाब झाल्यावर देतो तेच.

सव्वादहाला तुमचा फोन आला की डोळे उघडलेत, पंजा कोमट लागतोय. मग जखमेकडे वळलो.

दोन माणसं हवीत. एकाने कोंबडी टॉवेलात गुंडाळून धरायची, पण छाती आवळायची नाही. आपल्यासारखा श्वासाचा पडदा कोंबडीला नसतो. छातीचा पिंजरा खालीवर झाला तरच तिच्यात हवा जाते. घट्ट धरली तर ती आपल्या हातातच गुदमरते, आणि आपण म्हणतो, जखमेने गेली.

तुम्ही पाठीवरची दोन भोकं दाखवलीत. मी विचारलं, वरचे दात पाठीवर लागले, तर खालचे कुठे गेले? तुम्ही गप्प. कुत्रा दोन जबड्यांनी धरतो, ताई. पाठीवर खूण असेल तर पोटाकडे, बरगडीवर, पंखाखाली दुसरी खूण असणारच. पिसांखाली ती दिसत नाही. कोमट पाण्याने पिसं ओली करून बोटांनी भांग पाडत गेलात तेव्हा डाव्या पंखाखाली आणखी दोन भोकं निघाली, तांदळाच्या दाण्याएवढी, भोवती निळसर. तीच खरी जखम होती. पाठीवरचा ओरखडा दिसायला भयंकर, पण वरवरचा. कुत्रा झटकतो तेव्हा वर भोक बारीक राहतं आणि आत कातडी मांसापासून सुटते. तिथे दाताची घाण जाऊन बसते.

पंखाखालच्या कातडीवर हलकेच बोट दाबायला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "काका, वाळलेल्या पानावर बोट ठेवल्यासारखं कुरकुरतंय." म्हणजे हवेच्या पिशवीला दात लागून हवा कातडीखाली शिरली होती. कोंबडीच्या पोटात-छातीत अशा हवेच्या पिशव्या असतात. थोडी कुरकुर आपोआप जिरते. अंग फुग्यासारखं फुगायला लागलं, किंवा चोच उघडी ठेवून मान ताणून श्वास घेऊ लागली, तर रात्र असो की पहाट, डॉक्टर गाठायचा. तांबडीचं प्रकरण तिथवर गेलं नाही.

आता हळद. सासूबाईंचा मान राखून सांगतो : आपल्या कापलेल्या बोटाला हळद ठीक, दाताच्या भोकाला नको. तेल-हळदीचं बूच बसतं, आतली घाण आतच राहते, वर पिसं चिकटून आतलं काहीच दिसेनासं होतं. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला शेजारणीच्या कोंबडीला कुत्र्याने धरलं होतं. मी मोठ्या रुबाबात भोकात हळदीची पूड दाबली, वरून चिकटपट्टी लावली आणि "आठ दिवसांत बरी होईल" म्हणून चहा पिऊन आलो. सहाव्या दिवशी वास यायला लागला. पट्टी काढली तर आतून सुपारीएवढा पिवळा गोळा निघाला, मोडलेल्या पनीरसारखा. कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ होत नाही, वाहून जात नाही. तो घट्ट होऊन आतच बसतो. कोंबडी गेली. त्या बाईंनी पुढे दोन वर्षं मला चहा विचारला नाही.

तेव्हा तुम्हाला रात्री साडेदहाला हळद काढायला लावलं. अर्धा लिटर पाणी उकळून गार करून त्यात एक सपाट चमचा मीठ. बिनसुईच्या सिरिंजने त्या पाण्याची धार हळू सोडायची, भोकातून स्वच्छ पाणी परत येईपर्यंत. भोवतालची पिसं कात्रीने कातरायची, उपटायची नाहीत. उपटताना कातडी सोबत येते, ती कागदाएवढी पातळ असते. मग पोव्हिडोन आयोडीन, घरोघरी असतं ते बेटाडीनचं औषध, पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाचं करायचं आणि तेच लावायचं. बाटलीतलं तसंच्या तसं नको. भोक बुजवायचं नाही, टाका मारायचा नाही, पट्टी नाही. स्पिरिट, फिनेल, रॉकेल, टर्पेंटाइन, चुलीतली राख, यांतलं काहीही नाही. गुरांच्या जखमेला चालतं म्हणून दीड किलोच्या जिवाला चालत नाही. आणि जखम बधिर करणारं माणसांचं मलमही लावू नका. त्यातलं औषध एवढ्याशा अंगात लगेच भिनतं.

एवढं करून तांबडी पुन्हा खोक्यात. तुम्ही विचारलंत, रात्रभर जागू का? म्हटलं, झोपा. फक्त बाटल्यांतलं पाणी दोनदा बदला.

रविवारी सकाळी 1962 वर फोन लावा म्हणालो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा तो फुकट नंबर. कोंबडीसाठी कसं विचारायचं म्हणून तुम्ही लाजलात. लाजायचं काय? नोकरीत असताना मला एकदा सशासाठी उठवलं होतं. शेवटी दुपारी ओळखीतल्या खाजगी डॉक्टरांकडे गेलात. जायच्या आधी वजन करायला लावलं, कारण डोस वजनावर ठरतो आणि अंदाज नेहमी चुकतो. वाण्याच्या ताणकाट्याला कापडी पिशवीत बसवून तांबडी एक किलो चारशे भरली. तुमचा अंदाज अडीच किलोचा होता. सगळी पिसं हो, खाली काही नसतं. एवढ्या कोंबडीच्या अंगात रक्त शंभर मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे चहाचा एक कप. "थोडंसंच गेलं" म्हणताना हे लक्षात असू द्या.

डॉक्टरांनी जंतूंवरचं आणि दुखण्यावरचं इंजेक्शन दिलं, पुढे पाच दिवसांची औषधं दिली. घरातली माणसांची दुखण्याची गोळी चुरून देऊ का, असं तुमच्या ह्यांनी विचारलं होतं. अजिबात नको. डायक्लोफेनॅकचं नाव ऐकलंच असेल. गुरांना दिलेलं ते औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं मेली. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कोंबडीही पक्षीच. तिच्या मूत्रपिंडालाही ते सोसत नाही.

मंगळवारी सकाळी सहाला तुमचा फोटो : "काका, पाठ हिरवी पडली! सडली का?"

हा फोन मला दर वेळी येतो, आणि इथेच चांगल्या बऱ्या होत चाललेल्या कोंबड्या घाबरून कापल्या जातात. आपल्याला मुका मार लागला की आधी काळंनिळं होतं, मग कुठे पिवळं. कोंबडीचं तसं नाही. साकळलेलं रक्त मोडताना जो हिरवा रंग तयार होतो तो आपल्या अंगात पुढे पिवळा होतो. कोंबडीकडे ते पुढचं काम करणारं द्रव्यच नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मार लागलेली जागा कैरीसारखी हिरवी दिसते. वास घ्या, म्हणालो. वास नाही. हात लावा. कोरडी आणि ऊबदार. मग तो मुका मार, आठवड्याभरात ओसरेल. जागा ओलसर, काळपट, गार आणि कुजका वास असेल, तर ते सडणं.

खाण्याचं सांगायचं राहिलं. रविवारी संध्याकाळपर्यंत तिने चोच लावली नव्हती. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून बोटावर धरा म्हटलं, तर सासूबाई उखडल्या. कोंबडीला कोंबडीचंच अंडं? पाप आहे! मी म्हटलं, पाप माझ्या खात्यावर टाका. तिने दोन वेळा बोटाला टोच मारली, तिसऱ्यांदा खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात, भिजवलेली नाचणी, थोडी कोथिंबीर. दूध नको, पचत नाही. पोट चालू झालं की नाही ते शिटेवरून कळतं. गडद हिरवी, पातळ, पांढरा डाग असलेली शीट म्हणजे पोटात अन्न नाही, नुसतं पित्त उतरतंय. बुधवारी तुम्ही तपकिरी, आकार धरलेल्या शिटेचा फोटो पाठवलात. माझ्या नातीने तो माझ्या फोनवर पाहिला आणि घरात सगळ्यांना दाखवून आली. मला मात्र बरं वाटलं.

बुधवारीच माश्यांचं निघालं. पावसाळ्यात कुत्र्याने मारलं नाही ते माशी मारते. खोक्यावर ओढणी टाकलीत ते ठीक, पण शीट चिकटून शेपटीखालची पिसं घाण झाली होती आणि तिथे कणीच्या चुऱ्यासारखा पांढरा पुंजका दिसला. ती अंडी. एका दिवसात त्यांच्या अळ्या होतात आणि अळ्या आत शिरतात. कोमट पाण्याने धुऊन, पिसं कातरून, चिमट्याने एकेक काढलंत. पुढे सकाळ-संध्याकाळ बॅटरी घेऊन बघत राहिलात, म्हणून निभावलं.

नवव्या दिवशी खपली धरली. तुम्हाला तिला सोडायची घाई झाली होती. कोंबड्यांची जात मोठी निर्दयी, ताई. लाल दिसलं की टोचायचं. आजारी बहीण म्हणून कुणी कीव करत नाही. खपली पडून खाली कोरडी गुलाबी कातडी येईपर्यंत एकत्र करायचं नाही. पण फार दिवस नजरेआडही ठेवायचं नाही, नाहीतर ती परकी होते आणि पुन्हा पहिल्या पानापासून भांडण. म्हणून दुपारी तासभर खळ्यात डालग्याखाली ठेवायला सांगितलं. बाकीच्यांनी बाहेरून बघायचं, तिने आतून. सतराव्या दिवशी रात्री, सगळ्या झोपल्यावर, तिला गुपचूप खुराड्यात ठेवलीत. सकाळी थोडी पिसं उडाली, एवढंच. तांबडी आधी सगळ्यांत वरची होती, आता तिसऱ्या नंबरवर खाते, असं तुमची लेक सांगत होती. होईल पुन्हा वर, नाहीतर राहील तिथेच.

पिसांचं म्हणाल तर मुळापासून उपटलेली दीड-दोन महिन्यांत येतात. अर्धवट तुटलेली मात्र पुढच्या पिसं झडण्याच्या वेळेपर्यंत तशीच राहतात. अंडी महिनाभर तरी विसरा. औषध चालू असताना एखादं मऊ कवचाचं पडलं तर पुरून टाका. औषध संपल्यावरही किती दिवस अंडी खायची नाहीत, ते डॉक्टरांना विचारा. औषधागणिक ते बदलतं.

राहिला टायगर. "तोंडाला रक्त लागलं, आता सुटायचा नाही" असं वाडीत सगळे म्हणतायत. मला ते पटत नाही. टायगरला रक्त नको होतं, त्याला पळणारी वस्तू हवी होती. तिन्हीसांजेला कोंबड्या फडफडत खुराड्याकडे धावतात, तो नेमका तेव्हा मोकळा, आणि दिवसभर कंटाळलेला. मेलेली कोंबडी गळ्यात बांधणं, दुसऱ्या दिवशी काठीने मारणं, हे प्रकार करू नका. मार कशाचा ते त्याला कळत नाही, फक्त तुमची भीती बसते. कोंबड्या सोडताना आणि कोंडताना तो साखळीवर, एवढा नियम वर्षभर पाळा. खुराड्याला जी षट्कोनी पातळ जाळी आहे ती कोंबड्या आत ठेवते, कुत्रा बाहेर ठेवत नाही. वेल्ड केलेली जाळी लावा आणि तिची खालची कड फूटभर बाहेरच्या बाजूला जमिनीत दाबा.

प्रश्न : पुण्यात गच्चीवर चार तलंगा पाळल्या आहेत. एकीला घरच्या मांजरीने ओरबाडलं. जखम टाचणीच्या टोकाएवढी, कोंबडी खाते-पिते. घरीच आयोडीन लावलं तर चालेल ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दादा, नाही चालणार. आजच डॉक्टरांकडे न्या, उद्या नको. कुत्र्याची जखम दिसते तरी. मांजरीचा दात सुईसारखा आत जातो आणि वरचं तोंड मिटतं. मांजरीच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात. आपल्या म्हशींना घटसर्प होतो तो याच जातीच्या जंतूंनी. पक्ष्याच्या रक्तात ते भिनले की काल दाणे टिपणारी कोंबडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी आडवी दिसते. खाते-पिते यावर जाऊ नका. खाण्याचं नाटक कोंबडी शेवटपर्यंत करते. आजारी दिसली की तिला बाकीच्या टोचतात, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

प्रश्न : कुत्र्याने धरलेली कोंबडी लगेच कापून खाल्ली तर काय होतं? आमच्याकडे दोनदा खाल्ली आहे. (एक वाचक, लांजा)

उत्तर : दोनदा काही झालं नाही म्हणून तिसऱ्यांदा खाऊ नका. दाताबरोबर घाण मांसात खोल गेलेली असते, आणि कुत्रा कुणाचा, लस टोचलेला की नाही, हे दर वेळी माहीत नसतं. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग, कोंबडीपासून तो आपल्याला होत नाही. पण पिसांवर कुत्र्याची ओली लाळ असते आणि सोलताना आपल्या हाताला चीर असते. जखमी कोंबडी हाताळतानाही हातमोजे घाला, नाहीतर निदान प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधा. आणि सोडवताना कुत्रा तुम्हाला चावला असेल, तर कोंबडी राहू द्या बाजूला. साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा. घरचा कुत्रा असला तरी. मेलेली कोंबडी खोल पुरा, वर चुना टाका. उकिरड्यावर टाकली तर तोच कुत्रा उद्या तिथे येईल.

प्रश्न : शेजारच्या कुत्र्याने झटकल्यापासून आमची कोंबडी चार दिवस बसूनच आहे. दोन्ही पाय लांब करून पडते. दाणे मात्र समोर धरले की खाते. किती दिवस वाट बघायची? (एक वाचक, शाहूवाडी)

उत्तर : मावशी, तुमच्या अक्षरावरून वय ओळखलं, चुकलो असेन तर माफ करा. पायाच्या बोटाला नखाने चिमटा काढा. पाय मागे ओढला, निदान बोट आखडलं, तर आशा आहे. कण्याला हिसका बसून सूज आली की असं होतं, आणि सूज उतरायला वेळ लागतो. डॉक्टरांना एकदा दाखवा, मोडतोड असेल तर हातालाच कळते.

तोवर एक करा. जुन्या कापडी पिशवीला पायांसाठी दोन आणि मागे शिटेसाठी एक भोक पाडा. तिला त्यात बसवून पिशवीचे बंद रुंद बादलीच्या काठाला बांधा. पंजे बादलीच्या बुडाला जेमतेम टेकले पाहिजेत, वजन पिशवीवर. समोर पाण्याची आणि दाण्याची वाटी. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. सतत बसून छातीच्या हाडावर फोड येतात ते यामुळे टळतं, आणि पायांना जमिनीची आठवण राहते. बाकी वेळ जाड भुशावर ठेवा, कुशी बदलत राहा.

आठ-दहा दिवसांत चिमट्याला काहीच दाद दिली नाही, खाणं सुटलं, छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागायला लागलं, तर डॉक्टरांना सांगून तिला मोकळी करा. आतडं बाहेर आलं असतं तर हेच मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं. घरी करायचं असेल तर ज्याचा हात सराईत आहे त्यालाच बोलवा. शिकाऊ माणसाला नाही.

पुढच्या अंकासाठी निरोप पाठवताना कोंबडीचं वजन कळवा आणि फोटो पिसं बाजूला करून काढा. नुसत्या पिसांचे फोटो माझ्याकडे पुष्कळ साठले आहेत.